कार्ड नवीन, गचके जुनेच: प्रोसेसर बदलायचा की ग्राफिक्स कार्ड, हे मोजून कसं ठरवायचं

तक्रार ठरलेली असते. गेम सुरू केला की बरा चालतो, पण गर्दीच्या जागी किंवा ऐन धुमश्चक्रीत गचके खायला लागतो. कुणीतरी सांगतं, "कार्ड जुनं झालंय, बदलून टाक." कार्ड येतं, सेटिंग अल्ट्रावर जातात, चित्र देखणं होतं, पण गचके जिथल्या तिथे. मग दुसरा कुणी निदान करतो, "अरे, प्रोसेसर बॉटलनेक करतोय, म्हणजे कार्डाला अडवून धरतोय." आता प्रोसेसर, त्याला चालेल असा बोर्ड, बोर्डाला चालेल अशी रॅम. खर्च वाढत जातो आणि मूळ दुखणं काय होतं, हे कुणी तपासलेलंच नसतं.

"प्रोसेसर घेऊ की कार्ड?" या प्रश्नाला पीसीची यादी वाचून उत्तर देता येत नाही. एकच पीसी एका गेममध्ये कार्डावर अडतो, दुसऱ्यात प्रोसेसरवर. एकाच गेममध्येही असं होतं. 'बाल्डर्स गेट ३' घ्या. पहिल्या अंकात जंगलातून, भग्न देवळांतून फिरताना बहुतेक पीसींवर कार्डाचा कस लागतो. तिसऱ्या अंकात शहरात शिरलात की रस्त्यावरची माणसं, त्यांच्या हालचाली, त्यांचे हिशोब यांखाली प्रोसेसर दबतो. तिथे सेटिंग अल्ट्रावरून लोवर आणली तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) फारसा हलत नाही आणि लोक गेमला शिव्या घालतात. दोन नावं टाकली की बॉटलनेकची टक्केवारी काढून देणारे कॅल्क्युलेटर म्हणूनच मी करमणुकीत जमा करतो. गेम कुठला, सेटिंग कोणती, मॉनिटर किती हर्ट्झचा (सेकंदाला किती वेळा चित्र बदलणारा), यातलं बरंचसं त्यांच्या हिशोबात धड येतच नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. प्रत्येक फ्रेम दोन हातांतून जाते. कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, या क्षणी काय काय दिसायला हवं, हे प्रोसेसर ठरवतो आणि त्याप्रमाणे कार्डाला चित्र काढायच्या ऑर्डरी देतो. त्यांनाच ड्रॉ कॉल म्हणतात. कार्ड त्या ऑर्डरीप्रमाणे पिक्सेल रंगवतं. एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय, तर ताटात पोळी किती वेळाने पडेल हे मागे पडणाऱ्यावर ठरतं. तवा मोठा आणला म्हणून लाटणाऱ्याचा हात भरभर चालत नाही.

हेच आकड्यांत बघा. ६० एफपीएस हवे तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हवे तर जेमतेम ६.९. प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असताना कार्ड मागची रंगवत असतं, त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही. ज्याला जास्त वेळ लागतो, तोच आकडा लागू होतो. समजा प्रोसेसरला ११ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ७. फ्रेम ११लाच येणार, म्हणजे साधारण ९० एफपीएस. आता दुप्पट वेगाचं कार्ड घातलं आणि त्याचे ७चे साडेतीन झाले, तरी एफपीएस ९०च. पैसे गेले, बिल आलं, फरक शून्य.

आधी भलता चोर पकडा

दोघांपैकी कोण हे ठरवण्याआधी तिसराच कुणी नाही ना, ते बघून घ्या. याला पैसे लागत नाहीत.

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये आहे की मदरबोर्डच्या? हसू नका. साफसफाईला कॅबिनेट हलवलं, परत जोडताना केबल वरच्या एचडीएमआयमध्ये गेली आणि कार्ड आत नुसतं बसून राहिलं, असं होतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६०च निवडलेला असतो, तेही पाहा. एफपीएस अगदी ३० किंवा ६०वर खिळल्यासारखा दिसत असेल तर व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झशी बांधणारी सेटिंग) किंवा गेममधली मर्यादा चालू आहे. तो काही दोष नाही.

रॅमपाशी मात्र थांबा, कारण बजेट पीसीमध्ये फुकट मिळणारे एफपीएस बहुतेक इथेच सांडलेले असतात. बजेट ताणलेलं असलं की "सध्या एकच ८ जीबीची काडी घालू, दुसरी दिवाळीला" असं ठरतं आणि दिवाळ्या येतात-जातात. एकच काडी म्हणजे सिंगल चॅनेल, प्रोसेसरला रॅमकडून माहिती यायचा रस्ता अर्धाच. खेळताना हे हुबेहूब कमजोर प्रोसेसरसारखं दिसतं. दोन काड्या असतील आणि बोर्डाला चार स्लॉट असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. जवळजवळच्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या असतील तर दोन काड्यांचे पैसे भरून एकीचाच वेग मिळतो.

दुसरी गोष्ट वेगाची. खोक्यावर ३२०० छापलेली डीडीआर४ रॅम बऱ्याचदा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केल्याशिवाय २१३३, २४०० किंवा २६६६वरच चालते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्पीड आणि किती स्लॉट वापरात आहेत, दोन्ही दिसतं. काही एएमडी बोर्डांवर याच सेटिंगला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५मध्ये एक्स्पो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरना याचा फरक विशेष जाणवतो. इंटेलमध्ये एक मेख आहे: एच४१० किंवा बी४६० बोर्डावर आय५-१०४००एफ असेल तर रॅम २६६६च्या वर जातच नाही. तिथे एक्सएमपीच्या मागे लागून रात्र घालवू नका.

मग तापमान. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीतच चाळिशी पार झालेली असते, आणि कंपनीने खोक्यात दिलेला छोटा कूलर तीन वर्षांची धूळ घेऊन फिरत असतो. रायझन ५ ३६००ची मर्यादा ९५ अंश, इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची १००. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. खूण सोपी: पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम छान, मग हळूहळू उतरती कळा. यावर उपाय धूळ काढणं आणि थर्मल पेस्ट बदलणं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

आणखी एक गचका असा आहे ज्याला या दोघांपैकी कुणीच नीट पुरा पडत नाही. नव्या भागात पहिल्यांदा गेलात, पहिल्यांदा एखादा स्फोट झाला, की क्षणभर चित्र थिजतं. त्याच जागी परत गेलात तर काही होत नाही. हे शेडर कम्पायलेशन, म्हणजे चित्र रंगवायच्या सूचना कार्डासाठी ऐन वेळी तयार करणं. अनरिअल इंजिनवरच्या कितीतरी गेममध्ये ते महागड्या पीसीवरही दिसतं. त्यावर पॅचची वाट बघायची. आणि गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर बाकी सगळं सोडून आधी एसएसडी घ्या.

मोजायचं कसं

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात एवढं लावा: जीपीयूचा (कार्डाचा) वापर, जीपीयूचा क्लॉक (चालण्याचा वेग), व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, दोघांचं तापमान, एफपीएस, आणि फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागलेल्या वेळाचा) आलेख. व्ही-सिंक, एफपीएसची मर्यादा, फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डाकडून बनवून घेणं) आणि डीएलएसएस-एफएसआरसारखं अपस्केलिंग (लहान चित्र काढून मोठं करणं) सध्या बंद करा. मग जिथे त्रास होतो तिथेच जाऊन सेव्ह करा. मेन्यूतला किंवा रिकाम्या मैदानातला एफपीएस मोजून काही हाती लागत नाही. त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून मिनिटभर उभे राहा आणि आकडे लिहून घ्या.

जीपीयूचा वापर ९७-९९ टक्क्यांवर चिकटलेला असेल तर कार्ड अडवतंय. फक्त क्लॉकही बघा, कारण ही टक्केवारी त्या क्षणी कार्ड ज्या क्लॉकवर चालतंय त्याच्या हिशोबाने असते. कार्ड निम्म्या क्लॉकवर ९९ टक्के दाखवत असेल तर कार्ड कमजोर नाही, त्याला वीज कमी पडतेय किंवा ते तापलंय.

जीपीयू साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळतोय, कुठलीही मर्यादा लावलेली नाही आणि तरी एफपीएस कमी, तर कार्ड ऑर्डरींची वाट बघतंय. अडलंय ते प्रोसेसरच्या बाजूला.

इथे बहुतेकांची गल्लत होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसतो आणि माणूस म्हणतो, "प्रोसेसर तर अर्धासुद्धा वापरात नाही!" सहा कोअर, बारा थ्रेडच्या (एका वेळी बारा कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्केच दिसतो. गेमचं मुख्य काम अजूनही बरंचसं एक-दोन थ्रेडांवर चालतं, आणि विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं. त्यामुळे एकही कोअर १००वर दिसत नसतानाही प्रोसेसर अडवत असू शकतो. म्हणून मी प्रोसेसरचा आकडा जवळजवळ बघतच नाही. कार्ड पूर्ण कामात आहे की नाही, एवढंच बघतो.

खात्री करायची असेल तर रिझोल्यूशनची चाचणी घ्या. बाकी सगळी सेटिंग जशीच्या तशी ठेवून फक्त रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. १०८०पीमध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, ७२०पीमध्ये ९.२ लाख. कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. समजा १०८०पीवर ५८ एफपीएस होते आणि ७२०पीवर ९५ झाले: कार्ड अडवत होतं. ५८चे ६० झाले: प्रोसेसर. ५८चे ७० झाले तर दोघं थोड्या अंतराने अडवताहेत, आणि नुसतं कार्ड बदलून तुम्हाला साधारण १२च एफपीएस मिळणार आहेत.

या चाचणीतला शेवटचा आकडा जपून ठेवा. ७२०पीवर जीपीयू ९७-९९ टक्क्यांना चिकटलेला नसेल, तर तिथे जे मिळालं ती तुमच्या प्रोसेसरची त्या जागेची, त्या सेटिंगची कमाल आहे. जगातलं सर्वांत महाग कार्ड घातलंत तरी १०८०पीवर साधारण तेवढेच एफपीएस येतील. दुकानदार, मित्र, परीक्षणं यांतलं कुणीही हा आकडा तुम्हाला देऊ शकत नाही, कारण परीक्षणातली कार्डं बहुतेक वेळा सर्वांत ताकदीच्या प्रोसेसरवर मोजलेली असतात. तिथे १४० एफपीएस दाखवणारं कार्ड तुमच्याकडे ७०ला थांबलं तर परीक्षण खोटं नसतं. तुमच्या प्रोसेसरचं छत ७०ला आहे, इतकंच.

हाच आकडा उलटही वापरता येतो. १०८०पीवर ८८ आणि ७२०पीवर ९० मिळत असतील तर कार्डाकडे ताकद शिल्लक आहे. टेक्सचर, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) वाढवा, रेंडर स्केल (आत चित्र किती मोठं काढायचं ते) १२० टक्के करा, एफपीएस फारसे पडणार नाहीत. फुकटची रोषणाई.

आकड्यांची आवड असेल तर इंटेलचं प्रेझेंटमॉन वापरा. त्यात फ्रेमटाइमच्या शेजारी जीपीयू बिझी असा आकडा दिसतो, आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं चालतं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर कार्ड अडवतंय, मध्ये मोठं अंतर असेल तर प्रोसेसर. 'शॅडो ऑफ द टूम रेडर' तुमच्याकडे असेल तर त्याची आतली चाचणी थेट जीपीयू बाउंड किती टक्के तेच सांगते. सगळ्या गेमवाल्यांनी हे करायला हवं होतं.

सरासरी एफपीएसवर भुलू नका. सरासरी ९० आणि एक टक्का लो (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा एफपीएस) ३५, असं असेल तर हाताला गचकेच जाणवतात. फ्रेमटाइमचा आलेख सपाट पण उंच असेल तर बहुधा कार्ड कमी पडतंय. एरवी सपाट आणि मध्येच सुळके असतील तर संशय प्रोसेसर, रॅम, भरलेली व्हीरॅम किंवा डिस्क यांच्यावर.

कार्डावर अडलं असेल तर

पहिलं, व्हीरॅम. ४ जीबीच्या कार्डावर आजच्या गेममध्ये टेक्सचर हायवर ठेवलं की व्हीरॅम भरते आणि उरलेला माल पीसीच्या साध्या रॅममध्ये जातो. तिथून तो ओढून आणेपर्यंत गचका बसतो. टेक्सचर एक पायरी खाली आणून गचके गेले तर कार्डाचा वेग ठीक आहे, जागा अपुरी आहे. नवीन घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि पाच वर्षं वापरायचं असेल तर १२ किंवा १६चा विचार करा. आरटीएक्स ३०६०चं १२ जीबीचं कार्ड २०२१चं असूनही सेकंड हँड बाजारात अजून विचारलं जातं, ते याच कारणाने.

दुसरं, रस्त्याची रुंदी. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० पीसीआय एक्स्प्रेस ४.०च्या आठच लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातले माहितीचे मार्ग) वापरतात. बी४५०सारख्या ३.०च्या बोर्डावर त्या आठ लेनचा वेग निम्मा होतो. व्हीरॅम पुरेशी असेपर्यंत फरक किरकोळ राहतो, ती भरली की चांगलाच दिसतो. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आणि ४ जीबी. जुन्या बोर्डावर ते कार्ड कुणी फुकट दिलं तरी मी विचार करून घेईन.

तिसरं, वीज. आरटीएक्स ३०६० सुमारे १७० वॉट घेतं, आरएक्स ६६०० १३२, आरटीएक्स ४०६० ११५. आधीचं जीटीएक्स १६५० ७५ वॉटचं होतं, आणि बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबलही लागत नव्हती. नव्याला आठ पिनची केबल लागणार. ती तुमच्या एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) आहे का, ते कॅबिनेट उघडून बघा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर नवीन कार्ड चालवू नका. त्यावर छापलेले वॉट कागदावरच असतात. घरात ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॉटचा असतो. खेळताना लाइट गेली आणि त्याच क्षणी पीसीही बंद पडला, तर कार्ड खराब निघालं असं समजून दुकानात भांडायला जाऊ नका. आधी पीसी आणि मॉनिटर मिळून किती ओढताहेत याचा हिशोब करा.

आणि जुना प्रोसेसर असणाऱ्यांसाठी: २०२१मध्ये झालेल्या जाहीर चाचण्यांत दिसलं की डायरेक्टएक्स १२च्या काही गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर एएमडीपेक्षा जास्त भार टाकतो. चार-सहा थ्रेडचा प्रोसेसर काही वर्षं तसाच ठेवायचा असेल तर त्याच किमतीचं रेडिऑन कार्डही तुलनेला घ्या.

प्रोसेसरवर अडलं असेल तर

आधी सेटिंगमधून काही सुटतंय का बघा. लोक टेक्सचर आणि रिझोल्यूशन कमी करतात, जे प्रोसेसरला जवळपास लागूच नाही. कमी करायचं ते गर्दीचं प्रमाण, दृश्याचं अंतर, सावल्यांचं अंतर आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून उजेड-प्रतिबिंबं काढणं). रे ट्रेसिंग कार्डाचं काम म्हणून ओळखलं जातं, पण त्याची तयारी करण्यात प्रोसेसरचाही बराच वेळ जातो. 'सायबरपंक २०७७'मध्ये गर्दीची घनता मीडियमवर आणली की जुन्या प्रोसेसरला श्वास घेता येतो. मागे चालणारे ब्राउझरचे टॅब आणि रेकॉर्डिंगही बंद करा.

याउलट डीएलएसएस किंवा एफएसआर लावून काही होत नाही म्हणून वैतागणारे भेटतात. अपस्केलिंग कार्डाचं ओझं कमी करतं, आणि इथे कार्ड आधीच रिकामं बसलंय. फ्रेम जनरेशन मात्र आकडा वाढवतं, कारण मधल्या फ्रेम प्रोसेसरला न विचारता बनतात. निवांत, कथेच्या गेममध्ये मूळचे ५०-६० एफपीएस असतील तर खुशाल वापरा. नेमबाजीच्या गेममध्ये नको, तिथे माऊसचा प्रतिसाद मूळच्या एफपीएसचाच राहतो, किंबहुना थोडा बिघडतो.

'व्हॅलोरंट' आणि 'काउंटर-स्ट्राइक २'वाल्यांचा वेगळा उल्लेख करायला हवा. "दादा, नुसतं व्हॅलोरंट खेळतो, कार्ड कुठलं घेऊ?" असं विचारणाऱ्याकडे बहुधा आय३-९१००एफ किंवा तत्सम चार कोअरचा प्रोसेसर असतो आणि जोडीला जीटीएक्स १६५०. सेटिंग लो, रिझोल्यूशन १०८०पी किंवा त्याहून कमी. अशा खेळात त्या कार्डाला फारसं काम उरलेलं नसतं. नव्या कार्डाने एफपीएस नावापुरते वाढतील. ते पैसे प्रोसेसरमध्येच घालावेत.

आता प्रोसेसर बदलायचा म्हणजे किती खर्च, हे बोर्डावर ठरतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) बोर्ड असेल तर नशीबवान आहात. रायझन ५ २६०० किंवा ३६०० काढून त्याच बी४५०वर ५६०० बसतो. रॅम तीच, बोर्ड तोच. नुसत्या गेमिंगसाठी एक्स३डी मालिका त्याहून सरस आहे: एप्रिल २०२२मध्ये आलेल्या ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, साध्या ५६००मध्ये ३२. कॅशे मोठी म्हणजे रॅमकडे वारंवार धाव घ्यावी लागत नाही, आणि गचके कमी होतात ते त्यामुळे. जानेवारी २०२४मध्ये स्वस्तातला ५७००एक्स३डीही आला. दोन्हींचा साठा आता तुटपुंजा आहे. वाजवी भावात मिळाला तर घ्या, वाटेल तो भाव देऊन नको.

याच एएम४मध्ये लॉकडाउनच्या काळातले पीसी वेगळे ओळखावे लागतात. तेव्हा कार्डं मिळत नव्हती म्हणून अनेकांनी आतच ग्राफिक्स असलेला ५६००जी घेतला, कार्ड नंतर घालू म्हणून. नावात फक्त एक अक्षर जास्त, पण त्याची एल३ कॅशे १६ एमबीच आहे आणि तो पीसीआय एक्स्प्रेस ३.०वरच चालतो, बोर्ड बी५५० असला तरी. कार्ड घातल्यावर अपेक्षेइतका एफपीएस न मिळण्याचं कारण तिथे असतं.

इंटेलमध्ये सॉकेट पटापट बदलले. आठवी-नववी पिढी एका बोर्डावर, दहावी-अकरावी दुसऱ्या, बारावी ते चौदावी तिसऱ्या. आय५-९४००एफला सहा कोअर आहेत पण थ्रेडही सहाच, आणि त्याच बोर्डावर चढवायचा तर जुना आय७-९७०० किंवा आय९-९९००के शोधावा लागतो. सेकंड हँडमध्ये त्यांचे भाव असे सांगितले जातात की त्यात नवा प्रोसेसर येईल. माझं मत स्पष्ट आहे: तिथे पैसे घालू नका. आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चालणारा एच६१० किंवा बी६६० बोर्ड घ्या, तुमची जुनी रॅम त्यावर चालते. रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून कडाडल्यामुळे हा मुद्दा आणखीच महत्त्वाचा झालाय. एएमडीचा एएम४नंतरचा सॉकेट एएम५ चांगला आहे, पुढे वाव आहे, पण त्याला डीडीआर५ लागतेच. सेकंड हँडमध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे मॉडेल घेत असाल तर बोर्डाचा बायोस २०२४च्या ऑगस्टनंतरचा असल्याची खात्री करा. त्या प्रोसेसरना व्होल्टेजमुळे होणाऱ्या बिघाडावर इंटेलने तेव्हापासून दुरुस्ती दिली.

विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा रायझन १०००चा प्रोसेसर असेल तर विंडोज ११च्या यादीत तो बहुधा नाहीच. कार्डावर अडलंय असं मोजमापात दिसलं तरी अशा पीसीत मोठं कार्ड घालण्याआधी बोर्डासकट बदलाचा विचार करावा.

काहीच घ्यायला नको, असंही निघतं

मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे आणि एक टक्का लो ६०च्या वर आहे, तर काहीही बदलून स्क्रीनवर जास्त फ्रेम दिसणार नाहीत. पैसे मॉनिटरमध्ये घाला. आणि मॉनिटर १४४०पीचा घेतलात तर गणितही बदलतं: पिक्सेल ७८ टक्क्यांनी वाढतात, भार कार्डाकडे सरकतो, आणि कालपर्यंत कमी पडणारा प्रोसेसर पुरेसा वाटू लागतो. म्हणून मॉनिटर बदलायचा बेत असेल तर तो आधी बदला, मोजमाप नंतर करा.

लॅपटॉपवाल्यांना निवडच नाही, दोन्ही बोर्डाला कायमचे चिकटलेले. चार्जर लावूनच खेळा, परफॉर्मन्स मोड चालू करा, रॅमची दुसरी काडी बसत असेल तर घाला.

निर्णय झाला, माल आणला, तर बसवताना दोन गोष्टी. एएम४वर नवा प्रोसेसर बसवण्याआधी जुना आत असतानाच बायोस अपडेट करा. नवा बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर परत सगळं उलगडावं लागतं. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच जाऊ शकतो, तेव्हा यूपीएसवर करा आणि दुपारी वीज जाण्याची वेळ टाळा. कार्डाची कंपनी बदलत असाल तर जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर मुळासकट काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) सेफ मोडमध्ये काढून टाका.

मग पुन्हा त्याच सेव्हवर जा, त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून, आणि मघाचेच आकडे घ्या. प्रोसेसर बदललाय आणि जीपीयू आता ९५च्या वर गेला, तर काम झालं. जीपीयू अजून सत्तरवरच असेल तर प्रोसेसरला दोष देण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड बघा. बायोस अपडेट केला की त्यातली सगळी सेटिंग मूळपदावर येतात, आणि एक्सएमपी परत बंद झालेलं असतं.